पाणी आलं

४ फेब्रुवारी
ही डायरी नवऱ्याने आणून दिली. तो दाताचा डॉक्टर. औषधाच्या कुठल्या तरी कंपनीने त्याला दिलेली, म्हणून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक हसरा दात आहे. म्हणाला, "माझ्याशी बोलताना सारखी छताकडे बघतेस. त्यापेक्षा हिच्यात लिही."

छताकडे बघायची सवय सतरा वर्षांची आहे. बोगद्यात वर न बघणारा माणूस फार काळ इंजिनियर राहत नाही.

काल उद्घाटन झालं. डोंगरापलीकडची नदी आता माझ्या बोगद्यातून शहरात येते. मंत्र्यांनी बटण दाबलं, बोगद्याचं दार उघडलं, टाळ्या पडल्या. बटणाची वायर कशालाच जोडलेली नव्हती, दार आमच्या माणसांनी हाताने उचललं, हे त्या मांडवात फक्त आम्हाला तिघाचौघांना ठाऊक. माझ्या गळ्यात हार पडले. या क्षणी आपण ढसाढसा रडू असं मी किती वर्षं धरून चालले होते. प्रत्यक्षात मला भूक लागली होती आणि चप्पल चावत होती.

ताई आली नाही. गुडघा दुखतोय म्हणाली. तिने टीव्हीवर पाहिलं.

५ फेब्रुवारी
ताईला फोन केला. विचारलं, "पाणी आलं का गं?"
"आलं की."
"कसं येतंय? धो धो?"
"अगं घुशे, पाणी ते पाणी. त्यात काय कसं? ठेव आता, गडबड आहे."
सकाळी सहाला हिची कसली गडबड, कोण जाणे. एकटी तर राहते.

घुशी हे माझं नाव तिनेच ठेवलं. लहानपणी मी अंगणात सारखी खड्डे करायची म्हणून.

१० फेब्रुवारी
'पाणी आलं' या दोन शब्दांबद्दल लिहून ठेवावंसं वाटतं. आमचं घर, जिथे ताई अजून राहते, शहराच्या शेवटच्या गल्लीत, टेकाडावर. गल्लीत एक नळ. कधी यायचं, कधी नाही. आईची हाक यायची, "पाणी आलं!" की ताई आणि मी असू तशा बादल्या घेऊन पळायचो. एकदा रांगेत उभं राहून राहून मी चिडले आणि ताईला म्हटलं, "मोठी झाले की डोंगरामागची नदीच इथे आणते." ताई म्हणाली, "आण. आधी ती बादली उचल."

पुढे बोगद्यात तेच दोन शब्द उलटे झाले. खडकातून अचानक झरा फुटला की आमचा मुकादम ओरडायचा, "पाणी आलं!" मग हातातलं टाकून बाहेर पळायचं, मागे वळून बघायचं नाही, वरिष्ठ-कनिष्ठ काही नाही. एकदा लाखमोलाचं यंत्र आत बुडालं, पण माणूस एकही नाही. मुकादमाच्या त्या आवाजाने मी आजही झोपेतून उठून पळेन.

म्हणजे आयुष्यभर मी पाण्यासाठी धावले, नाही तर पाण्यापासून. आता कुठेच धावायचं नाही.

११ फेब्रुवारी
रविवार. ताई आली. बरोबर भली मोठी पिशवी. मी साइटवर असताना ती दर रविवारी इकडे येते हे मला माहीत होतं, पण इतका वेळ न्हाणीघरात घालवते हे आज कळलं. तासाभराने केस धुऊन बाहेर आली.
"तुझा शाम्पू चांगला आहे," म्हणाली.
"बाटली घेऊन जा ना."
"नको. इथेच बरा लागतो."
जेवताना नवऱ्याने तिच्या दाढेवर चमच्याने टकटक केलं. "पोकळ वाजतेय," म्हणाला. ताई म्हणाली, "बरं जमलंय तुमचं जोडपं. ही डोंगर वाजवते, तू दात वाजवतोस. जगातली पोकळ जागा काही तुमच्या हातून सुटायची नाही."

खरं आहे. खडकावर हातोडी मारली की धड खडक खणकन वाजतो, आतून सुटलेला भद्द. कॉलेजात हे एका ओळीत शिकवलं होतं, कानाला कळायला चार वर्षं लागली. आता मी कलिंगड वाजवते, भिंती वाजवते. मागे एकदा नवऱ्याची छाती वाजवून बघितली. तो म्हणाला, "निदान कळव."

२० फेब्रुवारी
नवं पद, नवी केबिन. दारावर माझं नाव पितळी अक्षरांत. खिडकीतून पार्किंग दिसतं. काम विचारलं तर साहेब म्हणाले, "मॅडम, आता तुम्ही मार्गदर्शन करायचं." कुणाला, ते बोलले नाहीत. पुढचा बोगदा निदान दहा वर्षं तरी होत नाही.

मी बसल्या बसल्या टेबल वाजवत होते. शिपाई तीनदा आत येऊन गेला. "बोलावलंत?" चौथ्यांदा आला तेव्हा त्याला चहा आणायला सांगितला, बिचाऱ्याची फेरी फुकट नको म्हणून.

२ मार्च
आज खरं लिहिते. बोगदा दोन्ही बाजूंनी खणत आणतात. मधला शेवटचा खडक फुटतो, बोगदा आरपार होतो, आणि त्या घटकेला एक वारा सुटतो. डोंगराच्या पलीकडची हवा पहिल्यांदा अलीकडे येते. तिला ओल्या पानांचा वास होता. सगळे नाचत होते. मुकादम रडत होता. माझ्या मनात मात्र आलं, हे तर नुसतं भोक आहे.

तेव्हापासून ते भोक माझ्यात आहे. हवं होतं ते सगळं मिळालं. कुणी विचारलं, आता काय, की मी हसून म्हणते, आता आराम. आराम हा शब्द मला कपाटात ठेवलेल्या जुन्या कोटासारखा वाटतो. आपलाच, पण अंगाला येत नाही.

नवरा म्हणतो, छंद लाव. चित्रकलेच्या वर्गात जाऊन आले. बाईंनी डोंगर काढायला सांगितला. मी त्याचा आडवा छेद काढला.

९ मार्च
ताईला म्हटलं, चार दिवस तुझ्याकडे येते. लगेच म्हणाली, "आत्ता नको, घर रंगवायला काढलंय." मागच्या महिन्यात पाहुणे होते. त्याआधी खोकला. माझा राग आला असेल का तिला? सतरा वर्षं मी फक्त सणासुदीची पाहुणी होते. ती आईचं सगळं करून मोकळी झाली आणि मी डोंगरात होते.

उद्घाटनानंतर मी तिच्या अंगणातल्या नळाचं पाणी ओंजळीने पिणार होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

१५ मार्च
न सांगता आले. ताईच्या घरातच बसून लिहितेय.

रंगाचा पत्ता नाही. मला दारात बघून ताईचा चेहरा असा झाला, जशी मीच काही चोरायला आले आहे. मग हसली, पोटाशी धरलं. स्वयंपाकघरात दोन पिंपं, तीन बादल्या, झाकलेली पातेली, सगळी भरलेली. म्हटलं, "अजून साठवतेस?" म्हणाली, "हाताला सवय आहे." आंघोळीला अर्धी बादली दिली. मी कुरकुरले तर म्हणते, "पाणी जपून वापरा असं तुमच्याच खात्याच्या भिंतीवर लिहिलंय. भिंती रंगवता, वाचत नाही का?"

ताईचं वय झालं आता. जुन्या सवयी सुटत नाहीत.

१६ मार्च
मी मूर्ख आहे.

सकाळी हॉर्नच्या आवाजाने जाग आली. ताई घरात नव्हती. मी ब्रश न करताच अंगणात गेले, ओंजळ धरली आणि नळ सोडला.

फुस्स. नुसती हवा. नळाने खोकल्यासारखं केलं, एक गंजका थेंब हातावर टाकला आणि गप्प झाला.

गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा होता. रांगेत ताई होती, दोन्ही हातांत बादल्या, दुखरा गुडघा वाकडा टाकून. सकाळी सहाची गडबड. रविवारची पिशवी. शाम्पू. डोंगराच्या पोटात केसाएवढी चीर मला ऐकू येते. हे मात्र मला दिसलं नाही.

मी तिच्या हातातली एक बादली घेतली.  ती घरात आणून ओट्यावर ठेवली आणि विचारलं,
"खोटं का बोललीस?"
"कधी?"
"ताई."
तिने पदराने हात पुसले. "टीव्हीवर तुला बघितलं. हार घातलेली. आई गेल्यापासून तू अशी हसलेली मी बघितली नव्हती. आणि तेवढ्यात मी फोनवर सांगू, की बाई, तुझी नदी आमच्या उंबऱ्यापर्यंत नाही आली?"
"मी हसत नव्हते. चप्पल चावत होती."
ताई आधी बघत राहिली. मग इतकी हसली की खाली बसली. मग रडली. मग मीही.

नवऱ्याला फोन केला. त्याला ठाऊक होतं. "तिने शपथ घातली होती," म्हणाला. "पेशंटचं गुपित समज." दोघांनाही मी आज माफ करणार नाही. उद्या बघू.

१९ मार्च
जलवाहिनी विभागात गेले. तिथला तरुण इंजिनियर मला बघून उभाच राहिला. बोगद्यावर त्याने कॉलेजात निबंध लिहिला होता म्हणे. नकाशा पसरला. नवी पाइपलाइन शेवटच्या गल्लीपर्यंत गेलेली आहे. चाचणीच्या दिवशी तिथे पाणीही पोचलं होतं, तशी नोंद आहे.
"मग आता का येत नाही?"
"मॅडम, यायला पाहिजे."
"पण येत नाही."
"पण नकाशाप्रमाणे यायला पाहिजे."
गळती तपासली, दाब तपासला, सगळं ठीक. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या नकाशात पाणी येतच होतं. माझ्या तरी कुठे वेगळं होतं? माझं काम बोगद्याच्या तोंडाशी संपलं आणि मी हार घालून घेतले.

२१ मार्च
बसमधून ताईकडे जाताना पोटात गोळा आला आणि मी जागच्या जागी उठून उभी राहिले. शेजारची बाई म्हणाली, "उतरायचंय का?" मी म्हटलं, "नाही, कळलं."

गल्लीच्या अलीकडे रस्ता चढतो आणि लगेच थोडा उतरतो. लहानपणी आम्ही त्याला उंटाची पाठ म्हणायचो. जुन्या पत्र्यावर बसून घसरायचो. तिथे ताईचा पुढचा दात पडला. बस त्यावरून गेली की पोटात अजूनही तसाच गोळा येतो.

रस्त्याला उंटाची पाठ, तर खालच्या पाइपलाही उंटाची पाठ. पाण्याबरोबर येणारी हवा उंच जागी साठते आणि पुढचं पाणी अडवून धरते. म्हणून तिथे हवा सोडणारा एक व्हॉल्व्ह असतो. नकाशात तो आहे. रस्त्यावर त्याचं झाकण कुठेच नाही. चाचणी आणि उद्घाटन यांच्यामध्ये काय झालं, ते ताईनेच सांगितलं. "तुमच्या मंत्र्यांच्या गाड्या जायच्या म्हणून रस्ता नवा केला ना. कसा गुळगुळीत झालाय बघ."

माझ्याच समारंभासाठी ओतलेल्या डांबराखाली माझं पाणी अडकलंय.

२७ मार्च
एक आठवडा रस्ता वाजवतेय. नकाशातली खूण आणि रस्ता यांचा मेळ लागत नाही, मधे वळण बदललंय, आणि सगळा रस्ता खणायला कुणी परवानगी देणार नाही. म्हणून मुकादमाला बोलावलं. निवृत्त झालाय, पण फोनवर फक्त एवढंच विचारलं, "बाई, हातोडी कुठली आणू?"

आम्ही दोघं गुडघ्यावर बसून वीत-वीत पुढे सरकतो. टक, टक. लोक जमतात.
"डॉक्टरीणबाई, रस्त्याला ताप आहे का?"
मुकादम मान वर न करता, "आहे. तुम्ही गप्प बसलात तर उतरेल."
वाहनांच्या आवाजात काही ऐकू येत नाही. डांबर खडकासारखं प्रामाणिक नाही, सगळीकडे सारखंच मठ्ठ वाजतं. गुडघे सोलून निघालेत. ताई हळद लावते आणि म्हणते, "आता दोघींचे सारखे झाले."

एक गोष्ट लिहायला लाज वाटते. आज दिवसभरात मला त्या भोकाची एकदाही आठवण झाली नाही.

२ एप्रिल
साहेबांनी बोलावलं. कुणीतरी माझा फोटो पाठवला होता, रस्त्यावर कान लावून पालथी पडलेली मी.
"मॅडम, आपल्या पदाचा तरी विचार करा. एका गल्लीसाठी?"
"ती शेवटची गल्ली आहे, साहेब."
"शहराला पाणी मिळालं ना?"
"शहराच्या शेवटच्या घराला मिळेल, तेव्हा शहराला मिळालं म्हणायचं."
हे मी ठरवून बोलले नाही. बाहेर पडल्यावर जिन्यात थांबून पुन्हा मनात म्हणून बघितलं. धड वाजलं.

रविवारी सकाळपुरता रस्ता बंद ठेवायची परवानगी त्यांनी दिली. एकच रविवार, एकच खड्डा. जागा चुकली तर विषय संपला, गल्लीचा टँकर चालू राहील. त्याच रविवारी अभियंता संघातर्फे माझा सत्कार आहे. साहेब म्हणाले, "निवडा." मला वाटलं होतं, मी थोडा तरी विचार करेन.

६ एप्रिल
अजून जागा नक्की नाही. दोन ठिकाणी संशय आहे. मुकादम म्हणतो डावीकडची, मला उजवीकडची वाटते. उद्या एकच खड्डा. झोप येत नाही. बोगद्यातल्या पहिल्या सुरुंगाच्या आदल्या रात्री अशीच जागी होते. किती दिवसांनी.

६ एप्रिल
दमलेय, पण आजच लिहिणार.

रस्ता बंद झाला आणि पहिल्यांदा शांतता मिळाली. तरुण इंजिनियर माणसं घेऊन आला होता. सुट्टीचा दिवस असूनही नवरा आला, खिशात दात वाजवायची ती बारीक दांडी. मी उजवीकडच्या जागी हातोडी मारली. मठ्ठ. डावीकडे मारली. मठ्ठ. सगळे माझ्याकडे बघत होते. मला काहीच कळत नव्हतं आणि ते तोंडावर दिसत असणार.

तेवढ्यात ताई लंगडत आली. "घुशे, तू भलतीकडे बसलीस."
"म्हणजे?"
"उंटाची पाठ इथे नाही. इथे रस्ता आता उंच केलाय. आपण घसरायचो ते त्या खांबाजवळून. माझा दात तिथे पडलाय, मी विसरेन का?"

खांब वीसेक पावलं वर होता. मी तिथे बसले आणि मारलं.

भद्द.

मुकादमाने डोळे मिटले. "बाई," म्हणाला, "पोकळ." नवऱ्याने वाकून आपल्या दांडीनेही एकदा टकटक केलं आणि गंभीरपणे सांगितलं, "कीड आहे. खणावी लागेल."

डांबराखाली झाकण निघालं. त्याखाली चेंबर, खडी आणि डांबराने गच्च. आणि तळाशी व्हॉल्व्ह, नवा कोरा, तोंड बुजलेला. साफ करायला बराच वेळ गेला. तरुण इंजिनियर स्वतः आत उतरला, पांढऱ्या शर्टासकट. त्याने चावी फिरवली तशी आतून हवा सुटली. आधी शिट्टी, मग किंकाळी, मग एवढा मोठा सुस्कारा की कबुतरं उडाली. माझ्या तोंडावर वारा आला. ओला. त्याला डोंगरापलीकडच्या पानांचा वास होता. माझी शपथ, होता.

मग काहीच नाही. आम्ही उभे. गल्ली दारादारांत उभी. 

आणि वरून, शेवटच्या घराकडून, एका बाईचा आवाज आला, "पाणी आलं!"

पुढचं लिहिताना हसू येतंय. अख्खी गल्ली बादल्या घेऊन वर धावली. आणि मुकादम आणि मी, हातातलं टाकून, मागे न बघता, जिवाच्या आकांताने उताराने खाली पळालो. पार बसथांब्यापर्यंत. तिथे दोघंही थांबलो, धापा टाकत एकमेकांकडे बघितलं. मुकादमाचा हात डोक्यावर होता, नसलेलं हेल्मेट धरून.
"बाई," तो म्हणाला, "हे ते पाणी नव्हे."
"नाही," मी म्हटलं. "हे दुसरं."
थांब्यावर बसूनच मी रडले. सतरा वर्षांचं सगळं. उद्घाटनाला जे आलं नाही ते आत्ता आलं. मुकादम बाजूला उभा राहून येणाऱ्या बसला हाताने पुढे जा म्हणून सांगत होता.

वर गेले तेव्हा गल्लीत सगळे भिजलेले होते, म्हातारेसुद्धा. ताईच्या अंगणातला नळ धो धो. आधी गढूळ, मग पांढरा फेस, मग स्वच्छ. मी ओंजळ धरली. प्यायले. पाण्याला चव नसते असं म्हणतात, ते म्हणू देत.

ताई शेजारी उभी. मला वाटलं काहीतरी मोठं बोलेल. भरून सांडणाऱ्या बादलीकडे बोट दाखवून म्हणाली, "आणलीस ना नदी? मग आता बादली उचल."

उचलली.

१६ एप्रिल
केबिन सोडली. पितळी अक्षरं तिथेच आहेत. साहेबांना सांगितलं, शहराला अशी शेवटची टोकं पुष्कळ आहेत, मला तेवढीच द्या. ते म्हणाले, "हे काम कधी संपायचं नाही, मॅडम." मला हेच हवं होतं, पण ते ऐकेपर्यंत मला माहीत नव्हतं. मुकादम आणि तो तरुण बरोबर आहेत. आज नदीकाठच्या टोकाला गेलो. तिथे हवा नाही, गळती आहे. उद्या परत.

नवरा म्हणतो, आता बोलताना छताकडे बघत नाहीस, जमिनीकडे बघतेस. प्रगती आहे.

२१ एप्रिल
रविवार असून ताई आली नाही. न्हाणीघर सकाळपासून रिकामं. जरा चुकल्यासारखं झालं.

सकाळी सहाला तिचा फोन आला होता. घेतला तर ती काही बोलेना. नुसता पाण्याचा आवाज. फोन नळापाशी धरला होता. मी पलंगावर बसून ऐकत राहिले. रिकाम्या बादलीत पाणी आधी जाड आवाजात पडतं, भरत आली की बारीक होत जातं. तो बारीक, बारीक होत गेला, काठाशी आला.

"ठेव आता," ताई म्हणाली. "भरली."